उशिरा वळणारी गाडी

अट दोन कलमांची होती. पहिलं कलम नातीसाठी: नाशिकहून बस रिकामी न्यायची, पायथ्याच्या नांदुरीला बस विकत घेऊ पाहणाऱ्या कळवणच्या माणसाला घ्यायचं, देवीच्या गडाचा घाट चढायचा आणि उतरायचा. कुठे घासली नाही, कुठे बंद पडली नाही, तर बस तिची. नाहीतर खाली आल्या आल्या किल्ली कळवणच्या माणसाच्या हातात. दुसरं कलम माझ्यासाठी होतं. आईने तोंड उघडायचं नाही.

"तिला एक शब्द जरी सांगितलास ना आई, तर तिथल्या तिथे सौदा," माझा मुलगा म्हणाला.

"आणि खोकला आला तर?"

त्याने खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. मुलगा माझाच आहे. त्याला माझे खोकले माहीत आहेत.

हे मागच्या हिवाळ्यातलं. आमच्याकडे एकच बस उरली होती. सासऱ्यांच्या काळात वऱ्हाडं, सहली, शाळेची पोरं असं सगळं वाहून नेणाऱ्या चार-चार गाड्या दारात असायच्या. मग यजमान चालवायचे, मीही चालवायची, आणि ते गेल्यावर पगारी ड्रायव्हर आले आणि गेले. मुलाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, त्याला बसमध्ये रस नाही. पेठ रोडच्या प्लॉटवर ती धूळ खात उभी होती. कळवणचं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं.

आणि तेवढ्यात नात, त्याची मुलगी, पुण्याची नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, बस मला द्या. दिंडोरीकडच्या गावांतून द्राक्षाच्या पॅकहाऊसला कामाच्या बायका न्यायच्या-आणायच्या, सीझन तोंडावर आलाय, मी बोलून ठेवलंय, चालवणार मीच. हेवीचं लायसन्स तिने पुण्यात असतानाच काढलं होतं. कुणाला विचारून नाही.

माझा मुलगा घाबरला. तिला गाडी येत नाही म्हणून नव्हे. तिला छोटी गाडी फार छान येते म्हणून. बसवाल्यांच्या घरात वाढलाय, त्याला कळत होतं की खरा धोका तिथेच आहे.

नातीकडे एक लाल गाडी आहे. जुनी, दोनच सीटची, छप्पर दुमडून मागे टाकता येणारी. बसलं की बूड रस्त्याला लागतंय की काय असं वाटतं. वजन एवढं कमी की चार पोरांनी उचलून बाजूला ठेवावी. त्र्यंबक रोडला सकाळी सकाळी ती घेऊन जाते तेव्हा मी शेजारी बसते आणि घरी सांगते की देवाला गेलो होतो. ती गाडी वळवावी लागत नाही. वळायचं मनात आणलं की वळलेली असते. ब्रेकला नुसता अंगठा टेकवला की थांबते. माझं वय झालं असेल, पण अजून जोरात घे असं मीच तिला सांगते.

एकदा तिने मला प्लॉटवर चालवायला दिली. मातीच्या कुंड्या मांडल्या होत्या, त्यांच्यामधून नागमोडी काढायची होती. मी पहिल्याच कुंडीला सरळ पुढे गेले, गेलेच, आणि मेंदीच्या कुंपणात जाऊन थांबले. नात हसून हसून खाली बसली.

"आजी, वळायचं होतं ना?"

"वळतच होते. जागा यायची होती."

"जागा मागे राहिली. तू बस चालवतीयस."

खरं होतं. बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो. वळण आलं की आधी त्याच्या पलीकडे जायचं. तुमची खुर्ची रस्ता सोडून बाहेर तरंगायला लागते, समोर कठडा दिसतो, कठड्याच्या पलीकडची झाडं दिसतात, मन म्हणतं वळव बाई, आणि तरी वळवायचं नाही. तेव्हा कुठे चाक वळणाच्या तोंडाशी येतं. मग स्टिअरिंग पूर्ण मारायचं. नाहीतर मागचं चाक आतल्या बाजूला चढतं, कारण ते पुढच्या चाकामागून कधीच येत नाही. आळशी माणसासारखं जवळच्या वाटेने येतं. छोटीत सगळं उलटं. तिथे तुम्ही जवळजवळ मागच्या चाकावर बसलेले असता आणि समोर लांब नाक असतं; वळण दिसलं की हात वळले पाहिजेत.

ज्याचे हात बसने घडवले तो छोटीत उशीर करतो. तो कुंपणात जातो, कपडे झटकतो आणि घरी येतो. ज्याचे हात छोटीने घडवले तो बसमध्ये घाई करतो. त्याचं काय होतं ते मला माहीत आहे, कारण ती शहाणी मीच होते.

चांदवडला हायवेवर माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. मुंबईच्या कुणा साहेबाची बिनछपराची दोन सीटची परदेशी गाडी तिथे बंद पडली, पार्ट बाहेरून यायचे होते, ते यायला काही महिने लागले. आल्यावर वडिलांनी गाडी नीट केली, पण साहेब काही न्यायला येईना. वडील मला म्हणाले, रोज इंजिन चालू करून ठेवत जा. मी विचार केला, इंजिन फिरवायचं तर चाकांनी काय पाप केलंय. भावाचा गॉगल, डोक्याला आईचा रुमाल, अशी मी पहाटे आग्रा रोडला निघायची. स्वतःला काय समजायचे ते सांगायची लाज वाटते. तोंड उघडं ठेवून हसत चालवायची, त्यामुळे परत येईपर्यंत पोटभर चिलटं खाऊन झालेली असायची. मला वाटायचं, मला गाडी येते. गाडीच इतकी हलकी होती की तिला कुणी येणारं लागतच नव्हतं. चूक केली तरी ती हसण्यावारी न्यायची.

लग्न होऊन नाशिकला बसवाल्यांच्या घरात आले ती त्याच तोऱ्यात. एकदा वऱ्हाड घेऊन माझ्याच माहेरी जायचं होतं, ड्रायव्हरला ताप, यजमान दुसऱ्या गाडीवर. मी म्हटलं, आणा किल्ली. चांदवडच्या बाजारातल्या वळणावर मी छोटीसारखं डौलात स्टिअरिंग मारलं. पुढचं तोंड सुरेख वळलं. मागच्या चाकाने रसवंतीचा मांडव घेतला. खांब, कापड, ग्लासांची फळी, सगळं. पन्नासेक वऱ्हाडी खिडक्यांतून बघत होते आणि त्यातले निम्मे मला लहानपणापासून ओळखत होते.

सासरे खाली उतरले. "सूनबाई, काय झालं?"

"मामंजी, दुकान रस्त्यात आलं."

"चालत आलं का?"

तरीही मी वर मान करून उभी. रसवंतीवाला उसाचं टिपरू हातात घेऊन माझ्याकडे बघत होता आणि मी त्यालाच सांगत होते की मांडव जरा आत घ्यायला हवा होता. अशी मी. आता भेटले तर त्या पोरीच्या कानाखाली काढीन, आणि मग तिला घाटात शेजारी बसवीन.

म्हणून त्या सकाळी बसमध्ये चढण्याआधी मी देवाला दोनदा हात जोडले. नातीचे हात छोटीने घडवलेले होते. बाजारातल्या वळणावर मांडव जातो. घाटातल्या वळणावर काय जातं, ते मी मनात येऊ देत नव्हते.

मी क्लीनर साइडला, दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले. मुलगा ड्रायव्हरच्या मागे उभाच राहिला. दिंडोरीपर्यंत रस्ता सरळ, दोन्ही बाजूला बागा, घडांना कागद गुंडाळलेले. नात चांगली चालवत होती. फार चांगली. गिअर लोण्यासारखे पडत होते. आणि वणीच्या अलीकडे एका साध्या डाव्या वळणावर तिने ते केलं. अर्धा श्वास आधी वळवलं. मागचं डावं चाक डांबर सोडून कडेच्या खडीत उतरलं, खडखडाट झाला आणि परत वर आलं.

 मुलाने वरचा दांडा धरला. मी आरशात नातीचा चेहरा बघितला. तिला कळलं होतं. हेही मला दिसलं की कळल्यामुळे तिचे खांदे वर चढलेत. मी एक गोळी तोंडात टाकली.

नांदुरीला कळवणचा माणूस मोटारसायकल हॉटेलापाशी लावून उभा होता. कांद्याचा धंदा, आता प्रवासी गाड्यांत पडायचा विचार. पायऱ्या चढला, स्टिअरिंगवर पोरगी बघितली, माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"शेठ, ड्रायव्हर कुठंय?"

"हीच."

"पोरगी हाय तुमची?"

"हो."

तो माझ्या मागच्या सीटवर बसला आणि पुढे वाकून हळूच म्हणाला, "मावशी, आपन उतरून पायीच चढू का?"

मी डोळे मिटून तोंडावर बोट ठेवलं. त्याला वाटलं मी देवाचं नाव घेतेय. त्यानेही हात जोडले.

घाट सुरू झाला. पहिली दोन वळणं उजवी, मोकळी. तिने दुसऱ्या गिअरला घेतली. तिसरं डावं. डावं वळण वाईट, कारण ते आपल्या बाजूचं, आतलं, तोकडं. मोठ्या गाडीला समोरून येणाऱ्याच्या बाजूला तोंड काढावंच लागतं, त्याशिवाय मागचं चाक गटारातून वाचत नाही. तिने तोंड काढलं, थांबली, थोडी अजून थांबली आणि वळवलं. चाक गटाराच्या काठावरून गेलं. काठावरून, आतून नाही. मी श्वास सोडला. मागचा माणूस म्हणाला, "जमतंय की." मुलाने दुसरा हातही दांड्यावर नेला. 

त्याच्या पुढच्या डाव्या वळणाला चढ जास्त होता. तिने पहिला गिअर टाकला. इंजिन कण्हायला लागलं. मी आरशात मागच्या चाकाकडे बघत होते. आयुष्यभराची खोड आहे, वळणावर माझी नजर मागच्या चाकावर जाते. चाक आत येत होतं. अजून आत. मला वाटलं, लवकर वळवतेय, पुन्हा तेच. मी नजर उचलली, तर समोर काच भरून जीप. वरून उतरणारी, माणसांनी भरलेली, आमच्याच तोंडासमोर.

बोलायचं नव्हतं. बोलले नाही. पण माझा हात माझ्या हुकमात नव्हता. शेजारच्या पत्र्यावर मी जोरात थाप मारली, एक.

बसवाल्यांच्या घरात हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. मागे क्लीनर असतो, त्याला दिसतं ते ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून एक थाप पडली की विचारायचं नाही, ब्रेक मारायचा. नात माझ्या मांडीवर बसून हे शिकली होती.

आणि ती थांबली नाही.

तिने ॲक्सिलरेटर जसा होता तसाच धरला. तिची खुर्ची कठड्यावर गेली, कठड्याच्या पलीकडची दरी मला तिच्या खांद्यावरून दिसली, आणि तरी तिने हात फिरवले नाहीत. मग फिरवले. पूर्ण, एका दमात. बसचं तोंड जीपच्या समोरून सरकत डावीकडे आलं. जीप हलत नव्हती. ती केव्हाची कडेला उभी होती. तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून पुढे जा असं केलं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, घाटाचा रिवाज आहे, त्याने पाळला होता. मागचं चाक गटाराला चाटून वर आलं.

घाट संपून वरची सपाटी लागली तसा मुलगा म्हणाला, "थांबव."

तिने बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. हवेचा फुसकारा झाला.

"आईने थाप मारली," तो म्हणाला.

"ऐकली मी," नात म्हणाली. ती समोरच बघत होती.

"अट होती."

"बोलायची नाही अशी होती," मी म्हटलं. एवढ्या वेळाने तोंड उघडलं तर आवाज किरटा निघाला.

"आई, तू गप्प बस. थाप म्हणजे बोलणंच. तुला माहितीय. तू तिला मदत केलीस."

"पप्पा," नात म्हणाली, "मी थांबले का?"

त्याने आधी पत्र्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आजीने थांब सांगितलं. थांबले असते तर त्या चढाला, तोंड अर्धं बाहेर आणि मागे उतार, मला गाडी परत उचलता आली नसती. मागे गेली असती. ती जीप मी खालच्या वळणावरूनच बघितली होती. त्याने मला बघून कडेला घेतली होती. आजी चाकाकडे बघत होती." आता ती वळली. "ही मदत असेल तर मदत धरा."

मी चाक बघत होते, ती रस्ता बघत होती. एवढी वर्षं गाड्या चालवून माझा हात चुकला, आणि तो तिने ऐकला असता तर मी आम्हाला सगळ्यांना मागे ढकललं असतं. हे कळलं तेव्हा मी तो थापेचा हात पदरात गुंडाळून घेतला.

मागून कळवणचा माणूस म्हणाला, "शेठ, मी तिसरा मानूस हाय, मला गाडी पायजे, म्हंजे मी खोटं बोलायचं तर तुमच्या बाजूनी बोललं पायजे. पन मावशीची थाप ऐकून माझा सोताचा पाय खाली दाबला गेला. तिचा नाय दाबला."

मुलाने खिडकीतून खालची वळणं बघितली. मग म्हणाला, "अजून उतरायची आहे."

"हो," नात म्हणाली. "पण आजी पुढे बसणार नाही."

"मी?"

"तू शेवटच्या सीटवर. आरसा दिसणार नाही असं."

मी उठले. एवढी वर्षं या बसच्या पुढच्या तीन सीटा सोडून मी कुठे बसले नव्हते. शेवटची सीट मागच्या चाकाच्याही पलीकडे असते. दर्शन घेऊन निघालो आणि पहिल्या उताराला कळलं की इथे बसणाऱ्यांचं मी वर्षानुवर्षं काय केलं असेल. पुढचं तोंड डावीकडे वळलं की शेपूट उजवीकडे झुलते. मला पुढचं काहीच दिसत नव्हतं. नुसतं एकदा कठड्यावर फेकली जायचे, एकदा डोंगरावर. इंजिनाची गुरगुर ऐकून गिअर ओळखत होते. ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं. तिने तोच धरला होता. मधेच ब्रेकचा जळका वास आला आणि मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. मग वास कमी झाला. तिने पाय उचलला होता, गाडी इंजिनावर सोडली होती. मी डोळे मिटून वळणं मोजायचा प्रयत्न केला, मोजता आली नाहीत. प्रत्येक डाव्या वळणाला माझे हात हवेत स्टिअरिंग फिरवायचे, आणि दर वेळी माझे हात आधी फिरायचे, ती नंतर.

नांदुरीला उतरून मुलगा बसभोवती चालत फिरला. हाताने पत्रा चाचपत. डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला, चाकाच्या कमानीत हात घातला, बाहेर काढून बघितला. माती. नात दाराच्या पायरीवर उभी होती, खाली उतरली नव्हती. किल्ली अजून आतच होती. कळवणचा माणूस दूर सरून मोटारसायकलवर टेकला होता, पण कान इकडेच होते.

मुलगा उठला. हात पँटला पुसले.

"विमा सोमवारी तुझ्या नावावर करून घे," तो म्हणाला. "आणि मागच्या डाव्या टायरची हवा बघ, कमी वाटतेय."

"बघते."

तेवढंच. तो हॉटेलात चहा सांगायला गेला. पाठमोरा झाल्यावर त्याने डोळे पुसले की कपाळ, ते मला शेवटच्या सीटवरून नीट दिसलं नाही.

कळवणचा माणूस पायरीपाशी आला. सौदा मोडला होता, पण त्याचं तोंड काही पडलं नव्हतं.

"ताई," तो नातीला म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा ताई. "वैशाखात माझ्या पुतनीचं लगीन हाय. वऱ्हाड न्यायला येशाल का?"

"सीझन संपलेला असेल तोवर. वऱ्हाड कुठल्या गावाला जाणार?"

"सुरगान्याकडं. डोंगरात."

नात पायरीवर बसली.

"आधी रस्ता बघून येते," ती म्हणाली. "मग सांगते."